बर्फीचा वाटा

"हा कुणाचा?"

हुलवानांनी सुरीचं टोक एका ढिगाला लावलं होतं. मी त्यांच्याकडं पाठ करून, त्यांच्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीसमोर उभा होतो.

"घोरपडे वहिनींचा," मी म्हणालो.

"आन् हा?"

"तुमचा."

"सुलतान, आज बी फेफसंच रं बाबा," हुलवान साखळीला बांधलेल्या आपल्या कुत्र्याला म्हणाले. "आन् ह्यो?"

मी जरा थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं, पण लगेच बोललो तर बरं दिसणार नाही असं मला वाटायचं.

"सिस्टरांचा."

"अगागा. घ्या सिस्टर, चरबीचा गोळा परत तुम्हालाच. देव तुमच्या बाजूचा हाय बघा."

"माझा देव वेगळा आहे हो हुलवान," रणभिसे सिस्टर म्हणाल्या. "तो मटणाच्या वाट्यात लक्ष घालत नाही."

उरलेला चौथा ढीग माझा, म्हणजे माझ्या कुत्र्याचा, शिक्क्याचा. मी वळलो आणि पिशवी पुढं केली. हुलवानांनी वाटा तिच्यात टाकला. आमच्या लिंगायताच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं, त्यामुळं पिशवी घेताना मी अजून दुसरीकडं बघायचो.

ही मिरजेतली गोष्ट आहे. मी नगरवाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो होतो आणि पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाचनालयाच्या पायरीवर वाढलेलं एक पिवळं कुत्रं माझ्यामागं घरी आलं. त्याच्या पाठीवर गोल काळा डाग होता, म्हणून त्याचं नाव शिक्का. कुत्र्यांना पिशवीतलं विकतचं खाणं घालणं आमच्या गल्लीत कुणाला परवडत नव्हतं. मी एका पुस्तकात वाचलं होतं की कुत्र्याचं पोट कच्च्या मांसासाठी बनलेलं असतं, दूध-भाकरीसाठी नव्हे. हे मी हुलवानांना सहज बोललो. मी बोललेल्या गोष्टी सहसा कुणी मनावर घेत नाही. हुलवानांनी ही घेतली.

हुलवान एसटीत ड्रायव्हर होते. ते आयुष्यभर ज्या रस्त्यांवरून गेले, त्या प्रत्येक रस्त्यावर त्यांच्या ओळखीचं कुणीतरी होतं. बाबालाल खाटकाशी त्यांनी ठरवून टाकलं. रविवारी दुकानात जे गिऱ्हाईक घेत नाही ते सगळं आमचं: खूर, फेफसं, वजडी, छाट, कोंबड्यांच्या माना. चार घरांनी मिळून ते घ्यायचं. घोरपडे वहिनींनी त्याला कुत्र्यांची भिशी असं नाव ठेवलं. वहिनी स्वतः कधी आल्या नाहीत, मोलकरणीबरोबर पिशवी पाठवायच्या आणि नंतर फोनवर तक्रार करायच्या.

वाटे घालायची रीत हुलवानांच्या गावची. जत्रेला पाचदहा जणांत मिळून बकरं कापलं की फरशीवर सारखे ढीग घालायचे, एकानं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं ढिगाला हात लावून 'हा कुणाचा' विचारायचं आणि पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. मग भांडण नाही.

"ज्याला मटणातलं काय कळत न्हाई आन् ज्याला खोटं बोलता येत न्हाई, असा माणूस उभा करावा लागतो," हुलवान पहिल्या रविवारी माझ्याकडं बोट करून म्हणाले होते. "अण्णा दोन्हीत बसत्यात."

ढीग सारखे असायचे, पण एखादी चीज अशी असायची की जी चौघांत वाटून काही उरत नसे. कधी काळजाचा तुकडा, कधी गुर्द्याभोवतीच्या चरबीचा गोळा. ती हुलवान कुठल्या तरी एका ढिगावर ठेवून द्यायचे. ज्याचं नशीब त्याला ती मिळायची.

पहिले काही रविवार मी डोळे मिटून उभा राहिलो. मग एकदा नाकावर माशी बसली आणि मी डोळे उघडले. समोरच्या खिडकीच्या काचेला आतून कागद चिकटवलेले होते. त्या काचेत मागचं अंगण दिसत होतं. अंधुक, पण दिसत होतं. फरशी, चार ढीग, हुलवानांची उकिडवी बसलेली आकृती, आणि एका ढिगावर पांढरं काहीतरी.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं की मला दुसरीकडं उभं करा. मी सांगितलं नाही. आणि पुढं जे केलं ते शिक्क्यासाठी केलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण ते म्हणून काही हलकं होत नाही.

रणभिसे सिस्टर मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मी वाचनालयात असताना शनिवारी संध्याकाळी त्या पुस्तक बदलायला यायच्या आणि आधीच्या पुस्तकाबद्दल एक वाक्य बोलायच्या. "हा माणूस मरायला फार वेळ घेतो," असं काहीतरी. त्या एका वाक्यासाठी मी शनिवारची वाट बघायचो. उत्तर मात्र मला रविवारी सुचायचं.

बर्फी ही त्यांची पांढरी, झिपरी, लहानखुरी कुत्री. त्या हिवाळ्यात ती आजारी पडली होती. पोट बिघडलंय, एवढंच सिस्टर गल्लीत सांगायच्या. त्यातून ती उठली, पण फार वाळली. केसांखाली हाताला फासळ्या लागतात, असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

"घरात माझ्याशी बोलणारी ही एकटीच," त्या एकदा मला म्हणाल्या. "हल्ली हीसुद्धा कमी बोलते. हिला काही झालं तर मी काय भिंतीशी बोलू?"

त्या रविवारी हुलवानांनी पांढरा गोळा असलेल्या ढिगाला सुरी लावली आणि मी "सिस्टरांचा" म्हणालो.

मग दर वेळी नाही, पण बहुतेक वेळी मी तसंच केलं. कधी मधे काळीज हुलवानांना जाऊ दिलं, एकदा वहिनींना, संशय नको म्हणून. आठवडाभर मी मनात बर्फीला जाड होताना बघायचो. एखाद्याला न सांगता त्याचं भलं करण्यात किती सुख असतं, असं मी स्वतःला समजावत होतो.

पण बर्फी जाड होईना.

आषाढ लागला. आमच्याकडं आखाडात देवीला बकरी पडतात. श्रावण लागायच्या आधी लोक खाऊन घेतात, बाबालालच्या दुकानापुढं रांग असते. त्या रविवारी हुलवान दोन पिशव्या भरून घेऊन आले. काचेत मला तो गोळा नारळाएवढा दिसला.

"हा कुणाचा?"

"सिस्टरांचा."

"आता काय बोलायचं," हुलवान म्हणाले. "सिस्टर, लाटरीचं तिकीट काढा तुम्ही."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पिशवी उचलली. त्यांचा गुडघा दुखत होता, पिशवी जड होती. "मी आणून देतो," असं मी म्हणालो. असं मी यापूर्वी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या दारात बर्फी शेपूट हलवत आली. मी पिशवी ओट्यावर ठेवली. तेवढ्यावर निघायचं होतं. पण महिनोन्महिने मनात घोळत असलेलं ते तोंडातून निघालं.

"सिस्टर, तुम्ही हिला घालता ना हे? इतके चांगले वाटे येतात, पण हिच्या अंगावर काही दिसत नाही."

"घालते की."

"मग आत्ता घाला ना थोडी चरबी. मला बघायचंय."

"आत्ता? संध्याकाळी घालेन. थोडी गोठू दे, मग कापायला बरी पडते."

"थोडीशी," मी म्हणालो. "मी कधी तिला खाताना बघितलंच नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. सिस्टरांची नजर वॉर्डातली होती, समोरच्या माणसाला थर्मामीटर लावल्यासारखी. मला वाटलं त्या आता काहीतरी खरमरीत बोलणार. पण त्यांनी सुरी घेतली, गोळ्याचा एक तुकडा कापला, ताटलीत टाकला आणि ताटली खाली ठेवली.

बर्फीनं तो दोन घासांत संपवला. मग ताटली चाटली, आमच्याकडं बघितलं, पुन्हा ताटली चाटली. तिची ती गुलाबी जीभ आणि ताटलीचा फरशीवर होणारा आवाज. मला हसू आलं. सिस्टरसुद्धा हसल्या.

"अजून," मी म्हणालो.

त्यांनी आणखी कापला. मग मी परत तेच म्हणालो, आणि त्यांनी परत कापला. त्या मध्येच म्हणाल्या, "अण्णा, आज तुम्ही फार बोलताय." मला ती शाबासकी वाटली. त्यांनी मला चहा दिला. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच बसलो होतो. घरी येताना मी गल्लीतल्या दोन माणसांना आपणहून नमस्कार केला.

मंगळवारी सकाळी सिस्टर माझ्या दारात उभ्या होत्या. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फी.

"रिक्षा बोलवा," त्या म्हणाल्या. "रात्रभर उलट्या काढल्यात. पोटाला हात लावू देत नाही."

जनावरांचे डॉक्टर पट्टणशेट्टी तरुण होते. त्यांनी बर्फीला टेबलावर ठेवलं. ती पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून, वाकून उभी राहिली. नमस्कार घालताना माणूस वाकतो तशी. डॉक्टरांनी पोट दाबलं तशी ती किंचाळली.

"स्वादुपिंडाला सूज आहे. परत." मग सिस्टरांकडं बघून, "काय खाल्लं?"

"चरबी," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर काही बोलायला गेले, मग त्यांनी सिस्टरांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ते सुई भरायला लागले. ते 'परत' मी ऐकलं होतं. पण त्या वेळी मला फक्त 'चरबी' हा शब्द ऐकू येत होता.

सलाइन घरी लावायचं ठरलं. सिस्टरांनी आयुष्यभर तेच केलं होतं. खिडकीच्या गजाला बाटली टांगली, बर्फीच्या पुढच्या पायाचे केस कापले आणि मला म्हणाल्या, "धरा. घट्ट नको, पण सोडायचं नाही." मी धरलं. तिचं पोट माझ्या तळहाताखाली तापलेलं होतं. बाटली संपेपर्यंत मी तसाच बसून होतो आणि सिस्टर शेजारी बसून पडणारे थेंब बघत होत्या.

बुधवारी संध्याकाळी हुलवान सिस्टरांकडं आले. पायरीवरच बसले, आत आले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"घोरपडे वहिनींचा फोन आला हुता," ते म्हणाले. "म्हणत्यात, दर टायमाला सिस्टरलाच चांगला वाटा जातो, तुमचंच काय तरी साटंलोटं असणार. आन् आता बघा म्हणत्यात, देवानं दाखवलं." त्यांनी गुडघ्यावरची टोपी चुरगळली. "साटंलोटं मी करीन व्हय? आन् त्यो गोळा मीच ठेवला हुता. चार तुकडं करून चौघास्नी घातलं असतं तर काय बिघडत हुतं? मला म्हणायची हौस, ज्याचं नशीब त्याला."

"तुमचा काही दोष नाही," सिस्टर आतून म्हणाल्या.

"हाय की. मीच हाय." मग माझ्याकडं वळून, "अण्णा, तुम्ही एकटंच ह्यातनं मोकळं. तुम्ही तर पाठमोरं."

हे त्यांनी माझं सांत्वन करायला म्हटलं होतं. मी बर्फीच्या पायावरची पट्टी बघत होतो. मला वाटलं, हे आता बोललो नाही तर उरलेल्या जन्मात बोलणार नाही. मला स्वतःची खात्री होती.

"मला दिसायचं," मी म्हणालो.

"काय दिसायचं?"

"ढीग. तुमच्या खिडकीच्या काचेत. मी बघून नाव घ्यायचो. सिस्टरांना चांगला वाटा मीच दिला. दर वेळी."

सिस्टर कापूस घडी करत होत्या, त्या करत राहिल्या. हुलवान माझ्याकडं बघत बसले. मग त्यांनी टोपीनं डोळे पुसले आणि हसले.

"अण्णा, अण्णा. मला वाचवाय निघाला व्हय?"

"नाही हुलवान, खरंच. काचेत..."

"काचेत!" ते म्हणाले. "ओ, मी अख्खी नोकरी आरशात बघून काढली. काचेत काय दिसतं न् काय न्हाई ते मला सांगताय? कागद चिकटवलेली काच ती. तुम्हाला खोटं सुदीक नीट बोलता येत न्हाई. एवढी पुस्तकं वाचून एक चांगली थाप जमंना."

"चला, तुम्हाला दाखवतो. तिथं उभे राहा."

"मी न्हाई उभा राहणार," ते उठत म्हणाले. "तुमच्या शब्दावर गल्ली चालती, आन् मी तुमची परीक्षा घेऊ? वहिनीला मी सांगतो, अण्णांनी माझ्यासाठी स्वतःवर आळ घेतला. बघू त्या आता काय बोलत्यात." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ते गल्लीतल्या कुणाच्या खांद्यावर ठेवत नसत. "असा माणूस शेजारी असाय नशीब लागतं."

ते गेले. मी सिस्टरांकडं बघितलं. त्यांनी बाटलीचा वेग कमी केला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर या. एकटीला पाय धरून सुई लावता येत नाही."

गुरुवारी दुपारी बर्फी गेली. मी पाय धरलेला होता, सिस्टरांच्या मांडीवर तिचं डोकं होतं. सिस्टरांनी सवयीनं घड्याळ बघितलं, मग ते बघितलं म्हणून स्वतःवरच चिडल्यासारखं मनगट पदराखाली घेतलं. परसात हुलवानांनी खड्डा खणला. घोरपडे वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा आल्या, हातात मोगऱ्याची फुलं घेऊन. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अण्णा, तुमच्याकडून शिकावं. मला माझीच लाज वाटली." मी मान खाली घातली. त्याचाही त्यांनी विनय असाच अर्थ घेतला.

भिशी पुढंही चालली, तीन घरांची. हुलवान आता सगळं बारीक तुकडे करून सारखं मिसळायचे, पण पाठ करून उभं राहायला मीच लागायचो. मी पडवीकडं तोंड करून उभा राहायला लागलो. कारण कुणी विचारलं नाही.

बर्फी गेल्यावर आठवडाभर मी सिस्टरांकडं गेलो नाही. काय बोलायचं ते लिहून बघितलं, फाडलं. शेवटी त्यांनीच निरोप पाठवला की येऊन जा, मोठी पिशवी आणा.

"शिक्क्यासाठी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "फ्रीजमध्ये पडून राहून काय करायचंय? मला आता ती जागा दुसऱ्या कामाला लागेल."

त्या फ्रीजपुढं खुर्ची घेऊन बसल्या आणि वरचं दार उघडून एकेक पुडी माझ्या हातात द्यायला लागल्या. आधी फेफशाच्या, मग मानांच्या. मग मागचा बर्फ सुरीनं खरवडून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत पांढरा, दगडासारखा गोठलेला गोळा होता. मग आणखी एक. मग आणखी. मी ते पिशवीत ठेवत गेलो. लहान-मोठे, सगळे अखंड होते, एकालाही सुरी लागली नव्हती. शेवटचा तेवढा अर्धवट कापलेला होता.

मी तो हातात धरून उभा राहिलो. बोटं बधिर व्हायला लागली.

"ही चरबी," मी म्हणालो. "तुम्ही तिला घातलीच नव्हती?"

"हिवाळ्यात तिला तेच झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चरबी आयुष्यात परत द्यायची नाही."

"मग आम्हाला सांगायचं होतं. मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही द्यायचं थांबवलं असतं."

मला समजायला वेळ लागला. त्या फ्रीजच्या दाराच्या रबरावरचं पाणी फडक्यानं पुसत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं? मी बघून देतो हे?"

"माझं नाव घेताना तुमचा आवाज बदलायचा, अण्णा. हुलवानांना नाही कळलं." त्यांनी फडकं पिळलं. "टाकून द्यायला हवी होती. दर रविवारी ठरवायचे, टाकू. हात धजायचा नाही."

"मग त्या दिवशी का घातली?"

सिस्टरांनी फ्रीजचं दार लावलं.

"त्या दिवशी तुम्ही समोर उभे होतात," त्या म्हणाल्या. "इतके खूश."